माळ्यावरची फाइल आणि 1993 चा प्रवेश अर्ज

वाचकाचे पत्र

माझे वय 50 आहे. बालपण कळव्यात गेले, 2004 पासून ऐरोलीत राहतो. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होते. मला शाळेपासून झाडांचे वेड होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वडील मला सायकलवरून विटाव्याच्या आणि दिघ्याच्या खाडीकाठी नेत. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिकडच्या वनस्पती वाळवून मी चाळीसेक नमुन्यांची एक फाइल केली होती. 1993 साली बारावी झालो. मला वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. करायचे होते, पण वडिलांनी केमिकल इंजिनिअरिंगचा आग्रह धरला आणि पतपेढीचे कर्ज काढून खासगी महाविद्यालयातील जास्त शुल्काची 'पेमेंट सीट' घेतली. पदवी हाती आली तेव्हा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखाने माणसे कमी करत होते. दीड वर्ष किरकोळ नोकरी करून मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि आजही तेथेच आहे. घराचे कर्ज फिटले आहे, तक्रार करावी असे काही नाही. मात्र गेल्या हिवाळ्यात ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीने गेलो असता पंचविशीतील एक मुलगी तिवराच्या (खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाच्या) मुळांविषयी माहिती देत होती आणि मला रडू आवरले नाही. त्याच रात्री मी वडिलांना म्हणालो, "तुम्ही माझे आयुष्य चुकवलेत." ते 79 वर्षांचे आहेत. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेव्हापासून घरात कामापुरतेच बोलतात. मुलगी बारावी विज्ञानला आहे, जीवशास्त्रात तिला उत्तम गुण आहेत, पण ती बी.कॉम. करून सीए व्हायचे म्हणते. तिला पन्नाशीत माझ्यासारखे वाटू नये म्हणून मी तिला वनस्पतीशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेण्यास समजावतो आहे. 1993 साली मी चूक केली का? नोकरी सोडून आता बी.एस्सी. करावे का? आणि मुलीला काय सांगावे?

उत्तर

नमस्कार.

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. वडिलांविषयी मात्र आपण प्रश्न विचारलेला नाही, जे घडले ते केवळ सांगितले आहे. पत्र वाचताना मला सर्वाधिक काळजी त्याच दोन-तीन ओळींची वाटली आणि हे उत्तर मी शेवटी त्यांच्याकडेच नेणार आहे. पण तेथे पोहोचण्यासाठी आपला पहिला प्रश्न नीट सोडवावा लागेल, कारण आपण वडिलांना जे बोललात ते त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे असे गृहीत धरून बोललात.

मी ठाण्यातील एका विज्ञान महाविद्यालयात 27 वर्षे रसायनशास्त्र शिकवले. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या टेबलावर बसण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येई, त्यामुळे 1993 च्या पावसाळ्यात हातात गुणपत्रिका घेऊन रांगेत उभी असलेली आपल्यासारखी मुले आणि त्यांच्या शेजारी उभे असलेले त्यांचे वडील मी अगदी समोरून पाहिले आहेत. त्या वर्षी निवड कशा परिस्थितीत होत असे, हे आज सहज विसरले जाते. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा तेव्हा नव्हती. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताच्या गुणांवर अभियांत्रिकीची यादी लागत असे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा वाढल्या, पण तेथील देणगीचा व्यवहार कामगाराच्या आवाक्याबाहेरचा होता. फेब्रुवारी 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निकाल दिला आणि त्या जागा कमी शुल्काच्या 'फ्री सीट' व जास्त शुल्काच्या 'पेमेंट सीट' अशा दोन भागांत वाटल्या गेल्या. पेमेंट सीटचे शुल्क जड होते, पण ते ठरलेले होते. एखाद्या ऑपरेटरला कागद-पेन घेऊन बसता येऊ लागले की पतपेढीतून इतके कर्ज, इतके हप्ते, चार वर्षे ओव्हरटाइम, आणि त्यानंतर मुलगा इंजिनिअर. त्याआधी त्याला असा हिशेब मांडणेच शक्य नव्हते. आपण बारावी झालात त्याच वर्षी तो शक्य झाला, आणि आपल्या वडिलांनी तो मांडून शेवटच्या हप्त्यापर्यंत पार पाडला.

त्यांनी केमिकल इंजिनिअरिंगच का निवडले, हेही त्यांच्या जागी उभे राहून पाहावे लागेल. रासायनिक कारखान्यात ऑपरेटर तिन्ही पाळ्या करतो, रात्री अडीच वाजता एखादा व्हॉल्व्ह अडकला तर संचावर तोच चढतो, गळतीचा वास सर्वांत आधी त्याच्याच नाकात जातो. सकाळी येऊन लॉगशीट, म्हणजे पाळीतील नोंदींचा कागद, वाचतो आणि तिच्यावर सही करतो तो इंजिनिअर. वडिलांना रोज डोळ्यांनी दिसणारी वरची पायरी ती होती, आणि मुलाला तिच्यावर बसवावे असे त्यांना वाटले. त्यांनी आपली आवड पाहिली नव्हती असे आपण पत्रात सूचित करता, परंतु त्याच पत्रात सुट्टीच्या दिवशी सायकलवरून खाडीकाठी नेणारे वडीलही आहेत. आठवडाभर पाळ्या केलेला माणूस आपल्या एकमेव मोकळ्या दिवशी मुलाला चिखलात झाडे पाहायला नेतो, तेव्हा त्या मुलाची आवड त्याला कळलेली नाही असे म्हणता येत नाही. त्या आवडीवर पोट भरेल असे त्यांना वाटले नाही, एवढेच म्हणता येते.

भरले असते का? आमच्या प्रयोगशाळेच्या समोरची प्रयोगशाळा वनस्पतीशास्त्राची होती, म्हणून मला याविषयी थोडे अधिकाराने बोलता येईल. त्या काळी बी.एस्सी. वनस्पतीशास्त्राला येणाऱ्यांपैकी अनेक जण वैद्यकीय प्रवेश हुकलेले असत, आणि आपल्यासारखे विषयाच्या ओढीने येणारे वर्गात दोन-तीनच. पदवीनंतर पुढचा मार्ग अरुंद होत जाई : एम.एस्सी.च्या मोजक्या जागा, त्यानंतर 1989 पासून सुरू झालेली नेट किंवा राज्याची सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि त्याही पार केल्यावर अनुदानित महाविद्यालयातील जागा रिकामी होण्याची वाट. ज्यांना ती परवडत नसे ते बी.एड. करून शाळेत जात, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी होत किंवा बँकेच्या परीक्षा देत. मला आठवणाऱ्या दोन अत्यंत बुद्धिमान विद्यार्थ्यांपैकी एक आज एका बँकेत शाखाधिकारी आहे, आणि दुसरीने नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर शाळेतील नोकरी स्वीकारली. विषयावरचे त्या दोघांचे प्रेम आपल्याइतकेच खरे होते. काही जण पोहोचलेही, आणि त्यांचा मला अभिमान आहे. मात्र ज्यांच्या घरी आणखी सहा-सात वर्षे पगाराची वाट पाहण्याची ताकद होती तेच बहुधा त्यांत होते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट मी ठळकपणे मांडू इच्छिते, कारण आपल्या दुःखाचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. बोटीत आपल्याला जी मुलगी भेटली तिचे काम 1993 साली अस्तित्वातच नव्हते. त्या काळी खाडीकाठची तिवरे म्हणजे पडीक जमीन, भराव टाकण्याची जागा आणि सरपण, अशीच शासनाची आणि शहराची नजर होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांवरील भराव थांबवण्याचा आदेश दिला तो 2005 मध्ये. राज्याच्या वन विभागात अशा खाडीवनांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आला 2012 मध्ये. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा 2015 चा आहे, आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतील समावेश 2022 चा. ती बोट, ते केंद्र, माहिती देणारी ती प्रशिक्षित तरुण मुलगी हे सर्व या घटनांच्या ओघात आलेले आहे. आपण त्या दिवशी जिच्यासाठी रडलात ती वाट आपल्यासमोर 1993 साली कोणी ठेवली नव्हती, त्यामुळे ती आपण नाकारलीत किंवा वडिलांनी हिरावून घेतली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

आणि 1993 साली झालेल्या त्या निवडीचे तरी पुढे काय झाले? 1991 नंतर आयात शुल्क उतरत गेले, पट्ट्यातील जुने आणि लहान क्षमतेचे संच परवडेनासे झाले, जमिनीचे भाव चढले, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एकामागून एक कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. आपली पदवी हाती आली ती नेमकी त्या वेळी. त्याच वेळी संगणकांतील सन 2000 च्या तारखेचा प्रश्न सोडवण्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसे हवी होती आणि त्या कोणत्याही शाखेचा इंजिनिअर घेत होत्या, म्हणून आपण तेथे गेलात. याआधीच्या पिढीचेही असेच झाले होते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल शिकून निघालेल्या तरुणाला मुंबईच्या गिरण्या म्हणजे जन्माची भाकर वाटत असे, पण 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि काही वर्षांत त्या भाकरीची शाश्वती उरली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने आज गेलात तर चिमण्यांच्या रांगेत काचेच्या इमारती दिसतात, आणि त्या इमारतींत बसलेल्या मुलांच्या पदव्यांचे पुढे काय होईल हे आज कोणीही सांगू शकणार नाही.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. 1993 साली जेवढे माहीत होते, जेवढे घरात होते आणि बाहेर जेवढ्या जागा होत्या, त्यांत ती निवड चुकीची नव्हती. पुढे जाऊन मी असेही म्हणेन की आपल्या पदवीच्या विषयाने आपल्या आयुष्यात फार थोडे ठरवले. केमिकल इंजिनिअर म्हणून आपण जेमतेम दीड वर्ष काम केलेत. त्यानंतरची पंचवीसहून अधिक वर्षे ज्या कामावर उभी आहेत ते आपण पदवीनंतर शिकलात. जी पदवी आपल्याला केमिकल इंजिनिअर म्हणून धरून ठेवू शकली नाही, तिनेच आपल्याला वनस्पतीशास्त्रज्ञ होण्यापासून रोखले, हे मला पटत नाही.

आता जे लिहिणार आहे ते आपल्याला टोचेल, पण ते टाळले तर या उत्तराला अर्थ राहणार नाही. आपण 2004 पासून ऐरोलीत राहता. खाडी आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दिवे कोळीवाडा त्याहून जवळ आहे. आपल्या पत्रात 1993 आहे आणि गेल्या वर्षीची बोटीची फेरी आहे. मधल्या तीस वर्षांत एकदाही आपण वनस्पती पाहायला खाडीवर गेल्याचा उल्लेख नाही. लहान मूल, लोकलचा प्रवास, रात्रीचे कॉल, घराचे हप्ते, आईचे आजारपण असल्यास तेही, ही सर्व कारणे खरी असतील आणि मी त्यांना कमी लेखत नाही. तथापि आपले खरे नुकसान त्या वर्षांत झाले आहे आणि ते प्रवेश अर्जावर लिहिलेल्या शाखेमुळे झालेले नाही, असे मला वाटते. वर्षानुवर्षे शिकवताना मी हे अनेकांत पाहिले आहे. एखाद्या विषयाची पदवी मिळाली नाही की माणूस त्या विषयापासून स्वतःला तोडून टाकतो, जणू दाराशी प्रवेशपत्र तपासले जाणार आहे. ज्याला ती आवड फारशी नव्हती तो सुट्टीत सहज एखादे रान पाहून येतो. ज्याचे तिच्यावर खरे प्रेम होते तोच दुखावल्यासारखा दूर राहतो, कारण थोडेसे मिळाले तर न मिळालेले अधिक सलेल अशी त्याला भीती असते.

वनस्पतीशास्त्राच्या दाराशी प्रवेशपत्र तपासले जात नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच भागातला आहे. पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही आजही ज्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो तो मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ थिओडोर कूक यांनी लिहिला आणि तो 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. कूक हे अभियंता होते. ते रेल्वेच्या कामासाठी भारतात आले, वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्यांनी केले, पुढे पुण्यात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, आणि नोकरी सांभाळत वनस्पती गोळा करत राहिले. ग्रंथाचे काम त्यांनी निवृत्तीनंतर पूर्ण केले, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापनाही 1883 मध्ये मुंबईतील आठ हौशी रहिवाशांनी एकत्र येऊन केली होती. आणि खाडीचे ज्ञान म्हणाल, तर कोणत्या तिवराच्या मुळांत कोणती मासळी अंडी घालते हे कोळीवाड्यातील एखादी आजी जितके सांगेल तितके आमच्या अनेक प्राध्यापकांना सांगता येणार नाही.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. नोकरी सोडून बी.एस्सी. करू नये. तो अभ्यासक्रम दिवसभराच्या प्रात्यक्षिकांचा आहे, अठरा वर्षांच्या मुलांसाठी आखलेला आहे, आणि त्यातील पेशीविज्ञान, जैवरसायन, वनस्पतीरोगशास्त्र यांत आपली तीन वर्षे जातील. आपल्याला ओढ आहे ती खाडीकाठच्या झाडांची. त्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वनस्पतीशास्त्राचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत, ज्यांत शनिवार-रविवारी प्रत्यक्ष क्षेत्रभेटी असतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रहालय, 1906 पासूनचे आहे आणि अभ्यासूंना तेथील नमुने परवानगीने पाहता येतात. यांपैकी काहीही करण्याआधी मात्र पुढील एक वर्ष आपण दर पंधरा दिवसांनी ओहोटीच्या वेळी एकाच ठिकाणी जावे आणि जे दिसेल ते वहीत लिहावे, असे मी सुचवेन : तिवराच्या पानांवर मीठ कधी साचलेले दिसते, ते पावसात कसे धुऊन जाते, चिपी कधी फुलते, मारांडीची निळी फुले कोणत्या महिन्यात येतात, कांदळाचे बी झाडावरच रुजून खाली लोंबू लागते ते केव्हा. वर्षभर हे जमले तर पुढचे काय ते आपल्याला आपोआप कळेल. आणि नाही जमले, तर नोकरी सोडली नव्हती याचे समाधान राहील.

मुलीविषयी मला अधिक कठोर व्हावे लागेल. 1993 साली आपल्या वडिलांनी स्वतःला न मिळालेली पायरी आपल्याला दिली. आज आपण स्वतःला न मिळालेला विषय मुलीला देऊ पाहता. दिशा उलटी आहे, कृती तीच आहे, आणि फरक असलाच तर वडिलांच्या बाजूने आहे, कारण त्यांच्यापुढे घर चालण्याचा प्रश्न होता. आपल्यापुढे तो नाही. जीवशास्त्रात गुण चांगले आहेत म्हणजे जीवशास्त्राची आवड आहे असे होत नाही; अभ्यासू मुलीला सर्वच विषयांत गुण मिळतात. तिला हिशेबात, कायद्यात, व्यवहाराच्या शिस्तीत रस वाटत असेल तर ती तिची आवडच आहे. आवड म्हणजे झाडे, चित्रे आणि कविता, व सीए म्हणजे केवळ पैसा, ही विभागणी आपल्या मनातील आहे, तिच्या मनातील नसावी. आपण तिला एकदा तरी विचारले आहे का, की तिला त्या विषयात नेमके काय आवडते?

तिची वाट सोपी नाही, आणि तेथे तिला बापाची गरज लागेल. फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल या तीन टप्प्यांत, विशेषतः शेवटच्या दोनांत, हुशार मुलेही एकेका गटात दोन-तीनदा अडकतात. मधे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, असते, जी 2023 च्या नव्या योजनेनुसार तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, आणि त्या काळात मुले सकाळी कॉलेज, दिवसभर ऑफिस, रात्री अभ्यास अशी राबतात. पहिला निकाल मनाविरुद्ध लागेल त्या संध्याकाळी तिच्या मनात "बाबांचे ऐकायला हवे होते" हा विचार येऊ नये, एवढी काळजी आपण आजपासून घ्यावी. विज्ञान शाखेतून वाणिज्यकडे जाताना तिला पहिल्या वर्षी लेखाशास्त्र नव्याने शिकावे लागेल. बारावीची परीक्षा संपताच त्याची एखादी शिकवणी लावून देणे हे तिच्यासाठी प्रत्यक्ष उपयोगाचे होईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या पदवीत आता मुख्य विषयाखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतील काही श्रेयांकही घ्यावे लागतात, तेव्हा तिला विज्ञानाशी नाते ठेवायचे असल्यास जागा आहे. पर्यावरण आणि हिशेब हे विषय आज एकमेकांपासून दूरही राहिलेले नाहीत. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने 2022-23 या वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा तपशीलवार अहवाल देणे बंधनकारक केले आहे आणि तो वाचू-तपासू शकणारी माणसे लागतात. मात्र ही शेवटची माहिती मी आपल्यासाठी लिहिली आहे, तिला आमिष म्हणून दाखवण्यासाठी नाही. तिने कधी स्वतः विचारले तर सांगावी.

आता वडील. आपण त्यांना जे वाक्य बोललात ते 79 व्या वर्षी ऐकणे म्हणजे काय, याचा विचार करा. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम कोणते असे कोणी त्यांना विचारले असते, तर त्यांनी बहुधा "मुलाला इंजिनिअर केला" असेच सांगितले असते. कारखाना गेला, तेथील मित्र पांगले, ज्या संचावर ते चढले तो भंगारात गेला असेल. उरले होते ते एवढेच, आणि आपण तेही चुकीचे ठरवलेत. त्यांच्या मौनात राग असेलच असे नाही. पाळीत काही बिघडले तर आपण काय चुकलो हे लॉगशीट पुन्हा पुन्हा वाचून शोधणारा माणूस आहे तो. ते सध्या 1993 ची लॉगशीट वाचत असतील.

त्यांची क्षमा मागावी, पण ती लांबलचक भाषणाने मागू नये. त्या पिढीच्या माणसाला मुलाने समोर बसून भावना उलगडून सांगितल्या की अवघडल्यासारखे होते, आणि तो "जाऊ दे" म्हणून विषय संपवतो. त्याऐवजी ती फाइल काढावी. आपण पत्रात तिचे पुढे काय झाले ते लिहिलेले नाही, पण फेकून दिली असेही लिहिलेले नाही, म्हणून ती कुठल्यातरी माळ्यावर आहे असे मी धरून चालते. चाळीस नमुन्यांची ती फाइल आपण समजता त्यापेक्षा मोलाची असू शकते. वाळवलेल्या वनस्पतीची खरी किंमत तिच्या चिठ्ठीत असते : कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणी गोळा केली. 1991 ते 1993 मध्ये विटावा आणि दिघा येथील खाडीकाठी काय उगवत होते याची नोंद ठेवणारे फार कोणी नव्हते, आणि त्यांतील कित्येक जागांवर आज रस्ता, भराव किंवा इमारत आहे. नमुने शाबूत असतील आणि चिठ्ठ्या विश्वासार्ह असतील, तर ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संस्थेला त्याविषयी जरूर कळवावे.

सतरा वर्षांच्या मुलाने चिठ्ठ्या पूर्ण लिहिल्या नसतील, हेही मी धरून चालते. माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी लिहिल्या नाहीत. तारीख बहुतेक वेळा शोधता येते, कारण आपण ती पाने जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवली असणार आणि त्या कागदावर दिनांक छापलेला असतो. नमुना त्या दिनांकानंतरचा आहे एवढे तरी निश्चित होते, म्हणून पिवळा पडला तरी तो कागद आधी टाकू नये. जागा मात्र कागदावर सापडणार नाही. कळव्याहून निघून कोणत्या आडवाटेने खाली उतरत होतात, सायकल कोठे लावत होतात, डावीकडे कोणत्या कंपनीची भिंत होती, बांध कोठे फुटलेला होता, हे आपल्या वडिलांना आपल्यापेक्षा अधिक आठवत असेल, कारण त्या रस्त्याने ते पाळीला जात-येत होते.

एखाद्या रविवारी दुपारची जेवणे झाल्यावर टेबल रिकामे करून फाइल त्यांच्यासमोर ठेवावी, कसर लागली असेल तर मऊ ब्रशने आधी झाडून घ्यावी, आणि पहिल्या नमुन्यापासून एकेक चिठ्ठी त्यांना विचारून भरावी. चुकीचे जे बोललात ते मागे घेण्याचे वाक्य मधे कधीतरी, तिसऱ्या-चौथ्या नमुन्यानंतर, एकदाच आणि स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि त्यांनी उत्तर दिले नाही तरी पुढची चिठ्ठी घ्यावी. मुलगी आसपास असेल तर तिला बोलवू नये आणि घालवूही नये. लिहिताना पेन्सिल वापरावी. जागेविषयी आपल्या दोघांचे मत वेगळे पडले तर दोन्ही नावे लिहावीत.